सिॲटल : कमी उत्पन्नवाल्यांची स्कूटर सवलत नावापाशी अडली आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी इथे एफ-१ व्हिसावर शिकतो. कॉलेजच्याच कॅन्टीनमध्ये आठवड्याला २० तास काम, त्याहून जास्त करता येत नाही. रात्री दहाला सुटतो. लाइट रेलने (शहरातली लोकल गाडी) स्टेशनपर्यंत ठीक, पण तिथून खोली दीड मैल आणि सगळा चढ. त्या वेळी बसची वाट बघण्यापेक्षा रस्त्याकडेची भाड्याची स्कूटर उचलतो. परवा १४ मिनिटांचे सव्वासात डॉलर झाले! अनलॉकचा एक डॉलर, वर मिनिटाचं मीटर. चढावर स्कूटर दमते, मीटर काही दमत नाही.

ऑर्का लिफ्ट कार्ड आहे माझ्याकडे. उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत असलं (एकट्या माणसाला २०२५ च्या आकड्यांनी वर्षाला ३१,३०० डॉलर) की बस आणि लाइट रेल एका डॉलरात. ते पगाराच्या स्लिपांवर लगेच मिळालं. स्कूटरवाल्यांचीही सवलत असते, पण ती ॲपमध्ये वेगळी मागावी लागते.

स्लिपवर माझं नाव पासपोर्टसारखं : स्वतःचं, बाबांचं, आडनाव. ॲपमध्ये बाबांचं टाकलं नव्हतं. उत्तर आलं, नाव जुळत नाही. ते घातलं तर बँकेच्या कार्डाशी जुळेना. तीनदा असं झाल्यावर आता अर्जाचं बटणच राखाडी झालंय.

कुणाला ही सवलत मिळाली आहे का? स्लिपऐवजी लिफ्ट कार्डाचा फोटो चालतो का? आणि जरा घाबरतच विचारतो, अशी सवलत घेतली तर पुढे व्हिसाला त्रास होतो का? रूममेट म्हणतो घेऊच नकोस, पण तो स्वतः कारने फिरतो.

प्रतिसाद १

अरे, बाबांच्या नावाचा घोळ आम्ही सगळ्यांनीच घातलाय. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये दोन्ही नावं एकत्र असतात ना, तशीच दोन्ही पहिल्या रकान्यात टाक, मधला रिकामा ठेव. बटण गेलंय तर ॲपशी झटापट नको, त्यांच्या मदतकक्षाला मेल कर. स्लिपवर सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) असेल तर आधी झाकून टाक. माझं काम लिफ्ट कार्डावर झालं होतं, पण माझी कंपनी वेगळी असू शकते.

व्हिसाच्या बाबतीत इथे कुणाचं ऐकू नकोस, माझंही नको. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचार.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

धन्यवाद ताई! मेल आत्ताच टाकला. कार्यालयात उद्या जातो. आज चालत आलो, ३५ मिनिटं लागली.