कॉकर स्पॅनियलचा आयएमएचए: स्टिरॉइड कमी केल्यावर हिमॅटोक्रिट उतरला, डोस पुन्हा वाढवावा का?

कृष्णाकाठ (सातारा), प्रश्न:

नमस्कार. आमची चिंगी सात वर्षांची कॉकर स्पॅनियल आहे, वजन ११ किलो. अडीच महिन्यांपूर्वी ती अचानक जिना चढेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी मोरीच्या पांढऱ्या फरशीवर तिची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची दिसली आणि ओठ वर करून पाहिले, तर हिरड्या पांढुरक्या पिवळ्या पडल्या होत्या. पीसीव्ही (रक्तातले तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) १३ निघाला. डॉक्टरांनी काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात सलाइनचे थेंब मिसळले, तरी नासलेल्या दुधासारख्या बारीक गुठळ्या सुटल्या नाहीत, आणि स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरवलेल्या रक्ताच्या पातळ थरात) स्फेरोसाइट, म्हणजे गोळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी, दिसल्या. प्रतिकारशक्तीच स्वतःच्या तांबड्या पेशी फोडत आहे, म्हणजे आयएमएचए आहे, असे निदान झाले. त्याच रात्री रक्त चढवले. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज २० मिलिग्रॅम, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारे अ‍ॅझाथायोप्रिन आणि रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल सुरू झाले.

त्यानंतरचे पीसीव्ही मी वहीत लिहून ठेवले आहेत: १९, २७, ३४, ३९, ४०. आकडा स्थिर राहिल्यावर सहाव्या आठवड्यात प्रेडनिसोलोन १५ केले आणि नवव्या आठवड्यात १०. या सोमवारी दवाखान्यातले सेंट्रिफ्यूज (रक्ताची नळी वेगाने फिरवणारे यंत्र) बंद असल्यामुळे नमुना माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाठवावा लागला. त्या अहवालात हिमॅटोक्रिट (पीसीव्हीसारखेच प्रमाण, पण मशीनने काढलेले) ३३, प्लेटलेट ६८,००० आणि एएलपी (यकृताच्या तपासणीतले एक एन्झाइम) ९४० आहे. चिंगी जेवते, फिरायला ओढत नेते, हिरड्याही गुलाबी आहेत. डॉक्टर गुरुवारपर्यंत बाहेरगावी आहेत आणि त्यांनी फोनवर ‘तोवर काही बदलू नका’ असे सांगितले आहे, पण आमच्या यजमानांचे म्हणणे आहे की आजार उलटला असेल तर आजच २० वर जावे. दोन दिवस थांबणे योग्य होईल का?

पशुवैद्य, नाशिक जिल्हा:

ताई, तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे मला पटते. चिंगीला न तपासता मी औषधाबद्दल निर्णय सांगणार नाही, पण हा अहवाल कसा वाचावा ते सांगतो.

वहीतले पहिले पाच आकडे आणि हा सहावा आकडा एकाच जातीचे नाहीत. दवाखान्यात बारीक काचनळीतले रक्त फिरवून तांबड्या पेशींचा थर प्रत्यक्ष मोजतात, तर मशीन पेशींची संख्या आणि त्यांचे सरासरी आकारमान (एमसीव्ही) यांचा गुणाकार करून हिमॅटोक्रिट काढते. कुत्र्याची तांबडी पेशी माणसाच्या पेशीपेक्षा लहान असते आणि माणसांच्या नमुन्यांसाठी लावलेले मशीन ती नीट मोजेलच असे नाही. शिवाय पेशी एकमेकींना चिकटत असतील तर मशीन त्या पुंजक्याला एकच मोठी पेशी समजते, त्यामुळे संख्या खोटी कमी आणि एमसीव्ही खोटा जास्त येतो. म्हणून त्याच कागदावरचे एमसीव्ही आणि एमसीएचसी (तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचे सरासरी प्रमाण) पाहा. ते दोन्ही नेहमीपेक्षा चढलेले असतील, तर हिमॅटोक्रिटच्या आकड्यावर विसंबू नये.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. कुत्रे घाबरले किंवा झटापट झाली की प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या पेशी रक्तात सोडते आणि पीसीव्ही काही अंकांनी वर जातो. अंगातले पाणी कमी झाले तरी तसेच होते. त्यामुळे ४० चा आकडा ज्या दिवशी आला, त्या दिवशी चिंगी टेबलावर किती धडपडत होती, हेही आठवून पाहा. पीसीव्हीच्या सोबत टोटल प्रोटीन नेहमी मागावे. शक्यतो दर वेळी त्याच दवाखान्यात, त्याच पद्धतीने, काही तास उपाशी ठेवून रक्त घ्यावे, कारण स्टिरॉइडवरच्या कुत्र्याच्या रक्तात जेवणानंतर चरबी इतकी तरंगते की हिमोग्लोबिनचे वाचन बिघडते.

प्लेटलेटचा आकडा मात्र दुर्लक्षू नका. बहुतेक वेळा नळीत प्लेटलेटचे पुंजके झाल्यामुळे तो कमी दिसतो. परंतु अ‍ॅझाथायोप्रिनमुळे अस्थिमज्जा दबून प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरू शकतात आणि काही कुत्र्यांत प्रतिकारशक्ती तांबड्या पेशींसोबत प्लेटलेटवरही हल्ला करते. तीन शक्यतांपैकी कोणती खरी आहे, हे स्मिअर डोळ्यांनी पाहिल्यावरच कळते. तोवर पोटाच्या उघड्या कातडीवर आणि हिरड्यांवर लाल ठिपके उठतात का, हे रोज पाहावे आणि दिसल्यास गुरुवारची वाट पाहू नये.

एएलपीने घाबरून जाऊ नका. कुत्र्यांच्या यकृतात स्टिरॉइडमुळे एएलपीचा एक खास प्रकार तयार होतो, जो माणसांत आढळत नाही, आणि ९४० हा आकडा या डोसवर मला नवा नाही. अ‍ॅझाथायोप्रिन यकृताला त्रास देत आहे का, हे पाहण्यासाठी एएलटी (यकृताचे दुसरे एन्झाइम) आणि बिलिरुबिन (तांबड्या पेशी फुटल्यावर तयार होणारे पिवळे द्रव्य) पाहावे लागतात. ते या अहवालात नसतील तर गुरुवारी सांगून करून घ्या.

आजार खरोखरच उलटत असेल, तर पीसीव्ही एकटा खाली येत नाही. बहुधा बिलिरुबिन चढते, लघवीचा रंग गडद होतो, स्फेरोसाइट पुन्हा दिसतात आणि तीन ते पाच दिवसांत रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी) वाढू लागतात. यांपैकी काहीही दिसले, चिंगी धापू लागली किंवा हिरड्या फिकटल्या, तर त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे न्यावे. तशी लक्षणे नसताना एका आकड्यावरून डोस दुप्पट केला, तर पुन्हा तीन आठवड्यांच्या एकेका पायरीने उतरावे लागते आणि तेवढा काळ स्नायू झडणे, लघवीतला जंतुसंसर्ग हे सारे तिच्याच वाट्याला येते.

एक किरकोळ, पण महत्त्वाची सूचना. अ‍ॅझाथायोप्रिनची गोळी चुरू नये, हातमोजे घालून द्यावी, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने त्या गोळीला हात लावू नये.

रॉकीची आई (ठाणे):

ताई, मी वैद्यकीय काही सांगू शकत नाही, पण जे माझ्या हातून झाले ते लिहिते. आमच्या रॉकीला हाच आजार होता. स्टिरॉइडमुळे तो रात्री तीन-तीनदा पाणी पिऊन बाहेर जायला उठवायचा, दिवसभर धापायचा, मांड्या वाळत चालल्या होत्या. पीसीव्ही ३७ झाला आणि मला वाटले, आता पुरे. डॉक्टरांना न विचारता मी अर्धी गोळी केली, आठवड्याने पाव केली. दहा दिवसांनी तो दारातच बसून राहिला, आत यायला तयार होईना. पीसीव्ही १८ होता. दुसऱ्यांदा रक्त चढवताना क्रॉसमॅच (दात्याचे रक्त जुळते का याची चाचणी) करावाच लागतो, हेही तेव्हा कळले, आणि जुळणारा दाता मिळेपर्यंतची ती दुपार मी विसरलेले नाही. पुढे तो सावरला, पण औषधे सात महिने चालली.

तेव्हापासून मी वहीत आकड्याच्या शेजारी चार रकाने आखले: नमुना कुठे तपासला, त्या दिवशीचा डोस, लघवीचा रंग, आणि अंगठ्याने हिरडी दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागलेला वेळ. तुमच्या डॉक्टरांनाही ते पान दाखवता येईल.

तळकोकण:

गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांची तपासणी झाली आहे का? आमच्या कुत्रीलाही आधी हेच निदान सांगितले होते आणि स्मिअरमध्ये काही सापडले नव्हते. पीसीआर (रक्तातल्या परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) केल्यावर बॅबेसिया गिब्सोनी निघाला. हा परजीवी तांबड्या पेशीत इतका लहान दिसतो की स्मिअरमध्ये सहज निसटतो, आणि त्याच्यामुळेही प्रतिकारशक्ती पेशी फोडू लागते. मूळ कारण तसेच राहिले तर स्टिरॉइड कमी करताना आकडा पुन्हा पडू शकतो. पीसीआर झाला नसेल तर गुरुवारी जरूर विचारा. गोचिडांचे औषध बारा महिने चालू ठेवावे, पावसाळ्यापुरते नव्हे.

कृष्णाकाठ (सातारा):

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या गुरुवारी जाऊन आलो. सेंट्रिफ्यूज दुरुस्त झाले आहे. डॉक्टरांनी नळी उजेडात धरून मला दाखवली. वरचा द्रव पाण्यासारखा स्वच्छ होता, पिवळा नव्हता, आणि पीसीव्ही ३८ भरला. सलाइनच्या थेंबात गुठळी झाली नाही. स्मिअरच्या कडेला प्लेटलेटचे मोठे पुंजके दिसले, त्यामुळे ६८,००० हा आकडा खरा नव्हता. एएलटी किंचित चढलेला आहे, म्हणून अ‍ॅझाथायोप्रिनबाबत दोन आठवड्यांनी पुन्हा पाहून ठरवणार आहेत. प्रेडनिसोलोन १० वरच राहील. सुरुवातीला फक्त स्मिअर झाला होता, तेव्हा पीसीआरचा नमुना आता पाठवला आहे.

यजमानांनी रकान्यांचे पान स्वतः आखून फ्रिजवर लावले आहे. पुढचे रक्त सोमवारी, त्याच दवाखान्यात, सकाळी उपाशीपोटी.