लिफ्टमधलं कृपाण (सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

साठे काकू ए-३०२: सुप्रभात. काल नातीला क्लासला सोडायला बी विंगमध्ये गेले होते. लिफ्टमध्ये एक वयस्कर गृहस्थ. निळी पगडी, पांढरी दाढी आणि अंगावर चक्क सुरा लटकवलेला. नात रात्रभर मला चिकटून झोपली. कोणाबद्दल मनात काही नाही, पण शस्त्र घेऊन लिफ्टमधून फिरणं सोसायटीच्या नियमात बसतं का, एवढंच विचारते.

भोसले बी-३०३: गेट रजिस्टरमध्ये नोंद होती का?

नितीन डी-२०१: काकू, घड्याळ बघितलंत का? बारा तर नव्हते ना वाजले 😂😂

ऋचा बी-१०४: नितीनदादा, डिलीट करा. सिंघकाका ग्रुपवर आहेत.

नितीन डी-२०१: अगं गंमत केली. पाजी स्पोर्टिंग आहेत.

पाटील सेक्रेटरी: कृपया संयम राखावा 🙏 सदर गृहस्थ बी-५०३ सिंघ यांचे वडील आहेत, नांदेडहून आले आहेत. परवा वॉचमनने त्यांना गेटवर ताटकळत ठेवले, तो विषय वेगळा आहे. मीटिंगमध्ये घेऊ.

भोसले बी-३०३: वेगळा कसा? माझ्या मेव्हण्याला होळीच्या वेळी याच गेटवर अर्धा तास उभं केलं, तेव्हा कोणाला मीटिंग आठवली नाही. माझा प्रश्न साधा आहे. रजिस्टरमध्ये नोंद होती का?

कुलकर्णी काका ए-६०१: *जसे आले तसे पाठवत आहे.* 'बारा वाजले' म्हणून हसणाऱ्यांनो, आधी हे वाचा! नादिरशहाचे सैन्य आपल्या आयाबहिणींना पळवून नेत असताना शीख वीर रात्री बरोब्बर बारा वाजता छावणीवर तुटून पडत आणि त्यांना सोडवून आणत. म्हणून शत्रू म्हणे, बारा वाजले! पुढच्या वेळी सरदार दिसला तर सॅल्यूट करा. खरा भारतीय असाल तर दहा जणांना पाठवा.

ऋचा बी-१०४: काका, हे तुम्ही गुरुनानक जयंतीलाही टाकलं होतं. नादिरशहा १७३९ चा. परत जाणाऱ्या त्याच्या फौजेवर शिखांनी छापे घातले हे ठीक, पण बाराचा ठोका फॉरवर्डवाल्यांनी दिलाय.

कुलकर्णी काका ए-६०१: बेटा, चांगलंच सांगतोय ना त्यात? तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीत पुरावा हवा.

शिंदे सी-१०२: पाण्याची टाकी आज साफ होणार होती. पाणी कधी येणार? 🙏

हरजीत सिंघ बी-५०३: सगळ्यांना नमस्कार. सकाळपासून वाचायलोय. साठे काकू, नात घाबरली याचं मला वाईट वाटलं. संध्याकाळी वडिलांना घेऊन खाली येतो, भेटवा तिला. माझ्या पोरीपेक्षा त्यांच्याच खिशात जास्त गोळ्या असतात.

तो सुरा नाही. कृपाण आहे. गातरा म्हणून खांद्यावरून पट्टा असतो, त्यात म्यानात असतं. वडील अमृतधारी आहेत, म्हणजे पंथाची दीक्षा घेतलेले. केस, कंघा, कडा, कृपाण, कच्छेरा, यातलं एकही अंगावेगळं करायचं नसतं. झोपताना नाही, लिफ्टमध्ये नाही. पंचवीस वर्षं एसटीनं फिरले, कंडक्टरनं कधी विचारलं नाही.

नियमाचं म्हणाल तर संविधानाच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय की कृपाण धारण करणं हा शीख धर्म पाळण्याचाच भाग आहे. देशातल्या देशात विमानातसुद्धा चालतं, पातं सहा इंचांपर्यंत आणि एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. वडिलांचं त्याहून लहान आहे.

भोसले बी-३०३: ते सगळं मान्य. विमानातसुद्धा नोंद होते. आपल्या रजिस्टरमध्ये झाली होती का?

देशमुख सर सी-४०१: सिंघसाहेब, राग मानू नका. कलम वगैरे ठीक, पण २०२१ च्या होळीत तुमच्या नांदेडला पोलिसांवर तलवारी घेऊन जमाव धावला, ते आम्ही टीव्हीवर पाहिलंय. माणूस घाबरतो ते काही उगाच नाही.

हरजीत सिंघ बी-५०३: झालं होतं. कोरोनामुळं होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीला परवानगी नव्हती, पोरं बॅरिकेड तोडून बाहेर आली, पोलीस जखमी झाले, गुन्हे दाखल झाले. चूकच होती, आमच्या घरात आम्ही तेच बोललो. पण सर, विसर्जनात कुठं मारामारी झाली तर दुसऱ्या दिवशी तुमच्या वडिलांना कोणी गेटवर अडवतं का?

देशमुख सर सी-४०१: तुलना बरोबर नाही.

ऋचा बी-१०४: बरोबर आहे.

देशमुख सर सी-४०१: ऋचा, मोठ्यांच्या बोलण्यात प्रत्येक वेळी पडायलाच हवं का?

ऋचाची आई बी-१०४: सर, ती तेवीस वर्षांची आहे आणि या ग्रुपवर मेंटेनन्स भरणारी सदस्य आहे. 🙏

नितीन डी-२०१: पॉपकॉर्न कोणाकडे आहेत?

साठे काकू ए-३०२: अहो सिंघ, मग एक विचारू? तुम्ही पगडी बांधता पण तुमच्या अंगावर ते कृपाण नसतं. म्हणजे तसं सक्तीचं नाही ना? मग लिफ्टपुरतं काढायला काय हरकत?

हरजीत सिंघ बी-५०३: काकू, मी अमृत घेतलेलं नाही. केस ठेवलेत, पगडी बांधतो, पण बाकी रहित, म्हणजे आचाराचे नियम, पाळणं मला अजून जमलेलं नाही. ज्यानं घेतलं त्याला सक्ती आहे, ज्यानं नाही त्याला नाही. माझ्या धाकट्या भावानं तर केसही कापलेत, तोही घरी पाठाला बसतो. वारीला जाणारे सगळेच माळकरी असतात का?

जोशी काकू ए-२०४: नसतात बाई. आमचे हे दिंडीत चालतात आणि परत येताना भिगवणला मासे खातात. (ह्यांना दाखवू नका.)

नितीन डी-२०१: स्क्रीनशॉट काढला 😂

कुलकर्णी काका ए-६०१: मुळात आपण वाद का घालतोय? शीख म्हणजे आपलेच. हिंदू धर्माच्या रक्षणासाठी तर पंथ निघाला. गुरू तेगबहादुरांनी काश्मिरी पंडितांसाठी शीर दिलं. सरदार नसते तर आज आपण कोणीच नसतो. जय हिंद 🇮🇳

हरजीत सिंघ बी-५०३: काका, तुमचा आदर आहे, म्हणूनच सरळ लिहितो. गुरू तेगबहादुरांना १६७५ मध्ये दिल्लीत चांदणी चौकात मारलं, पंडितांसाठी उभे राहिले म्हणून, हे खरं. पण मोठेपण असं की जे जानवं गुरू नानकांनी स्वतः घालायला नकार दिला, तेच जानवं दुसऱ्याच्या अंगावरून उतरवायची सक्ती तेगबहादुरांना सहन झाली नाही. आपलं वाचवायला कोणीही जातं.

आणि 'आपलेच' म्हणताना तुमचं प्रेम कळतं. पण आम्ही वेगळे आहोत म्हटलं की लगेच लोकांचा चेहरा बदलतो. लग्न आमचं आनंद कारज, त्याचा कायदा १९०९ चा आहे. देव निराकार, एक ओंकार. मूर्ती नाही, ग्रंथ हाच गुरू. भांडण कुणाशीच नाही, वेगळं घर आहे एवढंच.

देशमुख सर सी-४०१: मूर्ती नाही म्हणता, पण ग्रंथाला रुमाले, डोक्यावर चांदवा, वरून चवरी, रात्री झोपवायला खोली. ही मूर्तिपूजा नाही तर काय? अभ्यास म्हणून विचारतोय.

हरजीत सिंघ बी-५०३: अभ्यास म्हणून विचारलंत तर बरं वाटलं सर. दशम गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडातच देह ठेवला. त्याआधी सांगितलं, यापुढं देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू. म्हणून दरबारात गुरूचा मान असतो तो सगळा त्याला. पहाटे ग्रंथ उघडतात तो प्रकाश, रात्री मिटून ठेवतात ते सुखासन. पण कागदाला नवस बोलत नाहीत. नुसती चवरी ढाळून बाणी ऐकली नाही, तर आजोबा आम्हाला ओरडायचे.

जोशी काकू ए-२०४: आणि त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, हे कोणी बोलेना! पंजाबात घुमानला त्यांचं देऊळ आहे, २०१५ चं साहित्य संमेलन तिथेच झालं. आमच्या भिशीतल्या दोघी गेल्या होत्या. लंगरात बसल्या, म्हणे शेजारी कोण बसलंय ते कोणी विचारत नाही. शिंप्याचा अभंग तिथे गुरूच्या मांडीला मांडी लावून बसतो. आपल्याकडे त्याच नामदेवांना देवळात कीर्तन करू दिलं नव्हतं, मागच्या बाजूला पाठवलं होतं. त्यावर करा की ठराव.

शिंदे सी-१०२: पाणी???

पाटील सेक्रेटरी: टँकर रस्त्यात आहे.

कुलकर्णी काका ए-६०१: आमचा चिरंजीव न्यू जर्सीत असतो. तो सांगतो, तिकडे ९/११ नंतर सरदारांचे फार हाल झाले. अ‍ॅरिझोनात बलबीरसिंग सोधी म्हणून पेट्रोल पंपवाले होते, चार दिवसांत त्यांना गोळ्या घातल्या. अरब समजून मारलं बिचाऱ्यांना.

ऋचा बी-१०४: म्हणजे खरे अरब असते तर चाललं असतं, काका?

कुलकर्णी काका ए-६०१: मी असं कुठे म्हटलं? या मुलीला कोणीतरी आवरा.

हरजीत सिंघ बी-५०३: तिचं बरोबर आहे काका. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात गोळीबार झाला, तेव्हा मला चार जणांनी हेच म्हटलं, 'गैरसमजातून झालं'. जसं काही बरोबर माणूस ओळखून मारला असता तर हिशेब जमला असता.

नितीन डी-२०१: पाजी, जोकबद्दल सॉरी हां. पण तुम्ही लोक स्वतःच किती हसता स्वतःवर! कोविडमध्ये ऑक्सिजनचा लंगर लावलात, सियाचीनला तुम्ही, शेतात तुम्ही. मला तर सरदार लोक म्हणजे एकदम दिलदार वाटतात. टॅक्सीत बसलो तरी सेफ वाटतं.

हरजीत सिंघ बी-५०३: नितीन, एक सांगू? बारा वाजले म्हणणारा आणि सॅल्यूट ठोकणारा, दोघांनाही माझ्याशी बोलायचं नसतं. त्यांच्या डोक्यात एक फोटो असतो, त्याच्याशी बोलतात. मी टॅक्सी चालवत नाही, सियाचीनला गेलो नाही, भांगडा येत नाही. इन्शुरन्समध्ये आहे. तीन वर्षं झाली, एकदा माझी पॉलिसी घेतली का कोणी?

जोशी काकू ए-२०४: 😂😂 हे लागलं मला.

साठे काकू ए-३०२: मला एवढंच कळतं की लहान मुलांसमोर शस्त्र नको. बाकी सगळं छानच आहे. ठराव करता येईल का, एवढंच विचारते.

ऋचा बी-१०४: काकू, खंडेनवमीला तुमच्याकडे आजोबांची तलवार पुजतात. मागच्या वर्षी फोटो याच ग्रुपवर होता.

साठे काकू ए-३०२: ती बोथट आहे. आणि देवघरात असते, लिफ्टमध्ये नाही.

पाटील सेक्रेटरी: संविधानाच्या विरोधात सोसायटीला ठराव करता येत नाही. विषय बंद करावा 🙏 वॉचमनला लेखी समज दिली जाईल. सिंघसाहेब, वडिलांना कमिटीतर्फे दिलगिरी कळवा. किती दिवस आहेत ते?

हरजीत सिंघ बी-५०३: आजच रात्रीच्या गाडीनं जायलेत.

साठे काकू ए-३०२: अहो, माझ्यामुळे नाही ना? मी फक्त विचारलं होतं.

हरजीत सिंघ बी-५०३: नाही काकू. सोयाबीन काढणीला आलंय आणि मजूर मिळेनात. शिवाय दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडं गुरुद्वाऱ्यातून हल्ला निघतो, तो ते चुकवत नाहीत.

साठे काकू ए-३०२: हल्ला???

जोशी काकू ए-२०४: मिरवणूक असते हो. नांदेडला माझी नणंद दिली आहे. घोडे, निशाण, पंजप्यारे, मागे सगळा गाव. बघण्यासारखी असते.

हरजीत सिंघ बी-५०३: साडेसातला आम्ही खाली उतरू. काकू, नातीला घेऊन या जमलं तर. नाही जमलं तरी काही नाही.

साठे काकू ए-३०२: तिचा साडेसातला क्लास असतो. बघते.

भोसले बी-३०३: जाताना रजिस्टरमध्ये आउटची नोंद करायला सांगा. इनची झाली होती का, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.