मदत हवी आहे: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ती जागी असताना नेमकं काय काय होतं?

नमस्कार मंडळी,

आम्ही पारोळा तालुक्यातले. आईचं वय ६७. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा जास्त पिकलाय. धुळ्याला दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची तारीख दिली आहे, आषाढी एकादशीच्या दुसऱ्याच दिवशीची. फेको पद्धतीने (बारीक चिरेतून, मशीनने भिंग फोडून) करणार आणि घडीची लेन्स बसवणार, असं म्हणाले. आईला दहा वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे आणि रक्त पातळ करायची एक छोटी गोळी रात्री घेते.

अडचण अशी की आई तयारच होत नाही. भूल पूर्ण देत नाहीत, पेशंट जागा असतो, हे तिला कळलं तेव्हापासून एकच वाक्य चाललंय, "मना डोयामा सुई खुपसतीन आनि मी जागी ऱ्हासू का?" तिच्या भीतीला कारणही आहे. माझ्या आजीचं ऑपरेशन चाळीस वर्षांपूर्वी शाळेत भरलेल्या शिबिरात झालं होतं. आईच सोबत होती. टाके पडले, कितीतरी दिवस आजी पट्टी बांधून उताणी पडून होती, मान हलवायची नाही, जोरात बोलायचं नाही. आणि नंतर तो जाड भिंगाचा चष्मा, ज्यातून माणसांचे डोळे वाटीएवढे दिसायचे. आईच्या मनात ऑपरेशन म्हणजे तेच.

"काही होत नाही गं" असं म्हणून तिला टेबलावर नेणं मला बरं वाटत नाही. तिला खरं सांगायचं आहे. म्हणून ज्यांचं स्वतःचं झालंय किंवा ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना विचारतो:

आत गेल्यावर पेशंटला काय दिसतं, काय ऐकू येतं, कुठे दुखतं? खोकला आला तर? दुसरं म्हणजे आमच्या घरी कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, बसते. ऑपरेशननंतर साधारण साडेतीन आठवड्यांनी. नैवेद्याच्या रोटांचं दळण, पुरण, चूल, सगळं आईच्या हातचं. तिला तेव्हा चुलीपुढे बसता येईल का? आणि ही लेन्स पुढे दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते असं भावकीतले एक काका सांगतात, ते खरं का?

रिटायर_कंडक्टर_धुळे

भाऊ, माझे दोन्ही डोळे झाले आहेत, गेल्या वर्षी डावा आणि यंदा उजवा. जसं झालं तसं सांगतो, आईला वाचून दाखव.

आधी तास-दीड तास बाहेरच बसवतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी बाई येऊन डोळ्यात थेंब टाकते, बाहुली मोठी व्हायला. त्याने समोरचं धूसर होतं आणि उजेड टोचतो. लघवीला तेव्हाच जाऊन यायचं, नंतर उठता येत नाही.

भूल दोन प्रकारची. माझ्या पहिल्या डोळ्याला बाजूने, खालच्या पापणीजवळून इंजेक्शन दिलं. सुई डोळ्याच्या बुबुळात जात नाही, डोळ्याच्या शेजारच्या जागेत जाते. मुंगी चावल्यासारखं आणि मग दाब वाटला, दहा-पंधरा सेकंद. दुसऱ्या डोळ्याला इंजेक्शनच नव्हतं, नुसते सुन्न करणारे थेंब. तुझ्या आईला यातलं कोणतं, ते डॉक्टरांना आधीच विचार, म्हणजे तिला नेमकं तेवढंच सांगता येईल.

टेबलावर निजवल्यावर डोळ्याभोवती तपकिरी औषधाने पुसतात. ते जरा चरचरतं. तोंडावर हिरवं कापड येतं, फक्त तो एक डोळा उघडा. माझा पहिल्यांदा जीव इथेच घाबरला, वाटलं श्वास कोंडणार. पण कापडाखाली नळीने हवा सोडतात, चांगला श्वास घेता येतो. पापण्या मिटू नयेत म्हणून एक चिमटा लावतात, तो ताणल्यासारखा वाटतो. त्यामुळे आपल्या हातून पापणी मिटेल ही धास्तीच घ्यायची नाही.

आणि मग उजेड. मोठा पांढरा उजेड, त्यात निळे, गुलाबी डाग पाण्यात तरंगल्यासारखे सरकतात. सुई येताना, चाकू येताना असं मला काहीच दिसलं नाही. हे आईला दोनदा सांग. डोळ्यावर गार पाणी वाहत असतं, ते कानाकडे ओघळतं. मशीनचा आवाज येतो, मधूनच बदलतो. दुखलं म्हणशील तर नाही, मध्ये एक-दोन वेळा दाब जाणवला. माझं वीस मिनिटांत झालं. डॉक्टर "उजेडाकडे बघा" म्हणत होते, तेवढंच काम आपलं.

ओटी_सिस्टर

मी ऑपरेशन थिएटरमध्येच काम करते, म्हणून काही गोष्टी जोडते.

खोकला, शिंक, उचकी आली तर दाबून ठेवायची नाही आणि न सांगता मानही हलवायची नाही. "डॉक्टर, खोकला येतोय" एवढं बोलायचं. डॉक्टर हत्यार बाहेर घेतात, खोकू देतात, मग पुढे. रोज हे होतं, कोणी रागवत नाही. आईंना मराठीत पटकन सुचणार नसेल तर अहिराणीत बोलू द्या, आम्हाला सगळ्यांना कळतं. फक्त हात वर आणायचा नाही. तोंडाजवळची जागा निर्जंतुक केलेली असते, हात लागला की सगळं पुन्हा करावं लागतं.

आत काय करतात तेही सांगा. तीन मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे तिळाएवढी चीर. डोळ्यातलं भिंग एका पातळ पिशवीत असतं. पिशवीला पुढून गोल खिडकी पाडतात, आतलं गढूळ भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून घेतात आणि त्याच पिशवीत नवी लेन्स गुंडाळीसारखी घालतात. आत गेली की ती उलगडते. चीर आपोआप मिटते, बहुतेक वेळा टाका लागत नाही. आजीच्या वेळी सगळं भिंग बाहेर काढायचे आणि त्या जागी काहीच बसवायचे नाहीत, म्हणून तो जाड चष्मा.

आता तुमच्या आईंसाठी महत्त्वाचं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तारीख आहे ना? मग यंदा कडक उपवास नको. शुगरच्या पेशंटने उपवास धरला, साबुदाणा-बटाटा खाल्ला की शुगर कुठेही जाते, आणि शुगर वाढलेली दिसली तर आम्ही टेबलावर घेत नाही. त्या दिवशी सकाळी नाश्ता करायचा की नाही, शुगरची गोळी घ्यायची की नाही, हे लिहून मागा. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून विचारा. डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी झाली आहे का तेही विचारा. शुगरमुळे पडदा खराब असेल तर लेन्स कितीही चांगली बसवली तरी नजर तेवढी येत नाही, आणि मग घरचे ऑपरेशनला दोष देतात.

घरात कोणी वडीलधारे पुरुष प्रोस्टेटची गोळी घेत असतील तर त्यांच्या वेळी ती नक्की सांगा. त्या गोळीने बाहुली ढिली पडते, डॉक्टरांना तयारीत राहावं लागतं.

निवृत्त_मास्तर_अमळनेर

लेन्स बदलावी लागते हे खरं नाही. ती जन्मभरासाठी असते. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली लेन्स बसवली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे कण घुसलेले त्यांनी पाहिले होते. ते कण आत राहूनही डोळा चिडत नव्हता. तिथून ही कल्पना आली. काकांनी ऐकलं असेल ते "जाळी" धरण्याबद्दल. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काही जणांची लेन्सच्या मागची पिशवी गढूळ होते आणि पुन्हा धूसर दिसतं. त्याला लेझरने पाच-दहा मिनिटांत खिडकी पाडतात, चिरावं लागत नाही. मोतीबिंदू परत येत नाही.

ओटी_सिस्टर

कानबाईचं राहिलंच. चूल नको. साडेतीन आठवड्यांत बरीचशी जखम भरलेली असते, पण तेव्हा थेंब चालूच असतील आणि धूर, राख, वाफ डोळ्याला त्रास देते. आईंना पाटावर बसवा, रोट त्यांच्या नजरेखाली होऊ द्या, पूजेला काही हरकत नाही. वाकून दळण उचलणं, पाण्याची कळशी उचलणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. पहिले दोन आठवडे डोक्यावरून आंघोळ नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री झोपताना डोळ्यावर टोपी, म्हणजे डोळा झाकणारं कवच, लावायची.

पहिल्या दिवशी खुपणं, पाणी येणं, धूसर दिसणं चालतं. पण दुखणं किंवा लाली वाढत गेली, आधी दिसत होतं ते कमी झालं, पू आला, चमका किंवा काळे ठिपके दिसायला लागले, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री गाडी काढा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांवर खेळ असतो.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑपरेशन होऊन आज नववा दिवस. कंडक्टर काकांचं सगळं मी आईला दोन संध्याकाळी वाचून दाखवलं. कापडाचा भाग आला तेव्हा तिने स्वतःच ओढणी तोंडावर घेऊन पाहिलं, किती वेळ राहता येतं ते. एकादशीला फराळ न करता भाकरी खाल्ली, त्याचं तिला अजून वाईट वाटतंय. सकाळची शुगर बरोबर निघाली.

तिला थेंबांचीच भूल दिली. मध्ये एकदा खोकला आला, तिने सांगितलं, थांबले. बाहेर आल्यावर म्हणाली, "काहीच दुखनं नही, पन कान भरी ग्या पानीवरी." थेंब मी स्वतः टाकतो, भिंतीवर वेळा लिहिल्या आहेत, टाकायच्या आधी हात साबणाने धुतो.

एक शेवटचं विचारतो. लांबचं छान दिसतंय पण तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत. साधी लेन्स आहे. जवळचा चष्मा आत्ताच बाजारातून घेऊन देऊ का?

ओटी_सिस्टर

साध्या लेन्समध्ये लांबचंच धरलेलं असतं, जवळच्याला चष्मा लागणारच. पण पक्का नंबर महिना-दीड महिन्याने काढतात, तोवर नंबर हलत असतो. घाईने महागडा बनवू नका. तांदूळ तोवर तुम्ही निवडा.