मदत हवी आहे : १८८३ सालच्या निसर्ग-इतिहास संस्थेविषयी मराठी नोंदी

सप्रेम नमस्कार. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभकाळावर मी एक लेख लिहीत आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जे आठ जण जमले, त्यांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. पुढे फिप्सन यांच्या मद्याच्या दुकानात संस्थेला जागा मिळाली आणि १८८६ मध्ये नियतकालिक निघू लागले, हा भाग सर्वत्र वाचायला मिळतो. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी लहानपणी ओळख पटवण्यासाठी याच संस्थेत नेलेली पिवळ्या गळ्याची चिमणी तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सखाराम अर्जुन मात्र बहुधा पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणूनच आठवले जातात, हे मला अन्यायाचे वाटते.

१८८३ पासून सखाराम अर्जुन यांच्या निधनापर्यंतच्या, म्हणजे १८८५ पर्यंतच्या, ‘इंदुप्रकाश’ किंवा ‘विविधज्ञानविस्तार’च्या अंकांत या संस्थेचा उल्लेख कोणाच्या पाहण्यात आला आहे का? हे अंक मुंबई-पुण्यातील कोणत्या ग्रंथालयात प्रत्यक्ष चाळू देतात, हेही कृपया कळवावे. त्या काळातील पक्ष्यांची मराठी नावे नोंदवलेली एखादी जुनी यादी कोणाच्या संग्रही असल्यास तिची छायाप्रत मिळाली तरी पुरेशी आहे.