भास, भ्रम, माया की मिथ्या?

पंचवटीकर: भाची फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या १६४१च्या ‘चिंतनं’ या ग्रंथातला उतारा मराठीत करतेय. त्यात तो विचारतो, मी शेकोटीपाशी कागद धरून बसलोय, हेही स्वप्न असेल तर? तिनं लिहिलं, ‘हे जग भ्रम आहे.’ मला खटकलं. काय म्हणावं? भास, माया, मिथ्या, आभासी?

कारंजावाला: भ्रम नको. भ्रम् म्हणजे फिरणं. भोवरा, भोवळ त्यातलेच. डोकं फिरलं की माणूस भ्रमिष्ट, म्हणजे दोष पाहणाऱ्याच्या माथी. देकार्त वेड्यांचा दाखला घेतो आणि बाजूला सारून स्वप्नाकडे वळतो.

भास घ्या. भास् म्हणजे चमकणं, भास्कर त्यातलाच. परवा पहाटे रामकुंडाच्या पायरीवर नाणं लखलखलं. वाकलो, तर बाटलीचं बूच. चमक खरी, नाणं नाही. पण वाकताना मी म्हणत होतो ‘नाणं दिसलं’. ‘भास झाला’ हे कंबर सरळ करताना. भासात असताना भास म्हणता येत नाही. ‘भास होतोय’ म्हटलं की शंका आलेलीच असते, आणि देकार्तला पकडायचाय तो नेमका हाच क्षण. म्हणून ‘जग भास आहे’ असं ठाम विधान नको, प्रश्नच ठेवा.

गोदाकाठ: मिथ्याला खोटं समजू नका. अद्वैतात मिथ्या सत् नाही, असत्‌ही नाही. सशाचं शिंग असत्, ते कुणाला दिसतच नाही. दोरीवरचा साप दिसतो, घाम फोडतो, दिवा आणला की जातो, तो मिथ्या. खोट्या नोटेला मिथ्या नोट कोण म्हणतं? हा शब्द अख्खं दर्शन पाठीवर घेऊन येतो, उताऱ्यात नकोच.

पंचवटीकर: आणि माया? सीतागुंफेपाशी आजी सोन्याच्या हरणाची गोष्ट सांगायची. ते ‘मायावी हरीण’. भासाचं हरीण ती कधीच म्हणाली नाही.

कारंजावाला: बरोबरच. मारीच खरा होता, बाण लागल्यावर मेला. मायेमागे ती करणारा असतो. देकार्त पुढे फसवणारा कपटी राक्षस कल्पितो, तिथे माया चपखल.

पंचवटीकर: झालं. तिनं केलं, ‘हे सगळं मला नुसतं भासतंय का?’ राक्षसापाशी माया ठेवली. ‘आभासी’ मात्र तिनं स्वतःच कापलं. म्हणे, आभासी तर आमचा लॉकडाऊनमधला वर्ग होता, आणि त्यात गैरहजेरी खरी लागायची.