मदत हवी आहे: सबवूफर वीस मिनिटांनी बंद पडतो

गाडीतला सबवूफर (खर्जाचा स्पीकर) सुरुवातीला छान वाजतो, पण साधारण वीस मिनिटांनी बंद पडतो आणि अ‍ॅम्प्लिफायरचा प्रोटेक्ट दिवा (तो स्वतःला वाचवायला बंद होतो तेव्हा लागणारा) लाल होतो. बाकीचे स्पीकर चालूच असतात. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा वाजतो.

फ्यूज शाबूत आहे. आरसीए वायर (स्टिरिओकडून सिग्नल आणणारी) बदलून पाहिली, अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून बोल्ट घट्ट केला. सबच्या वायरी काढून ठेवल्या तर तासभरही प्रोटेक्ट लागत नाही. सबच्या दोन्ही कॉइल ४ ओहमच्या, पॅरलल जोडलेल्या. थंड असताना मीटरवर १.९ ओहम येतात. अ‍ॅम्प २ ओहमपर्यंत चालतो. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) निम्म्याहून कमीच आहे. अ‍ॅम्प सीटखाली आहे, हात ठेवला तर चांगलाच तापलेला लागतो.

माझ्याकडे फक्त मल्टिमीटर आहे. तापल्यावर कॉइल शॉर्ट होतेय की अ‍ॅम्पच गरम होऊन बंद पडतोय, हे कसं ओळखायचं?