घोटा वारंवार मुरगळतो: 6 आठवड्यांच्या व्यायामाचा गुण आला की नाही, कसं ठरवायचं?

कबड्डी_फिजिओ: नमस्कार मंडळी. 22 वर्षांचा चढाईपटू. उजवा घोटा दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा मुरगळला, तेव्हापासून पाय सारखा दगा देतो. 6 आठवडे, आठवड्याला 3 दिवस रबर बँड, वॉबल बोर्ड (डगमगणारी फळी) आणि एका पायावर तोल असे व्यायाम झाले. आता एका पायावर 60 सेकंद आरामात उभा राहतो, पण दिशा बदलताना अजून बिचकतो. वाय बॅलन्समध्ये (एका पायावर उभं राहून दुसरा पाय तीन दिशांना जमेल तितका लांब नेण्याची चाचणी) पुढची दिशा हलतच नाही: आधी 56 सेंमी, आता 57. पायाची लांबी 88 सेंमी. उपचार फसला म्हणायचा का?

घोटा_आणि_गुडघा: 56 भागिले 88 म्हणजे साधारण 64 टक्के, आता 65. हा 1 सेंमी मोजण्यातल्या चुकीतच जमा. पण पुढची दिशा अडते ती बहुतेकदा तोलामुळे नाही, घोटा वर वाकत नाही म्हणून. आधी गुडघा-भिंत चाचणी घ्या. टाच जमिनीला टेकलेली, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत भिंतीला लागला पाहिजे. मग अंगठा ते भिंत अंतर मोजा. 1 सेंमी म्हणजे साधारण 3.6 अंश. पाऊल बाहेर वळलं किंवा तळव्याची कमान बसली की आकडा फुगतो. नेमकं इथेच फसायला होतं, म्हणून खाली वाकून टाच स्वतः बघा, टाचेखाली कागदाची पट्टी ठेवा आणि ओढून पाहा.

तोल_सांभाळा: 60 सेकंद उभं राहणं मोजमापातून काढा. ज्याचा रोज सराव केला त्याचीच परीक्षा घेतली की पेशंट पास होणारच. डोळे मिटून 30 सेकंदांत पाऊल किती वेळा उचललं जातं ते मोजा. मग साइड हॉप: 30 सेंमी अंतरावर एका पायाने बाजूला आणि परत, अशा 10 फेऱ्या, घड्याळ लावून. 13 सेकंदांच्या वर गेला तर शंका घ्या. कंबरलँड प्रश्नावली (घोट्याच्या अस्थिरतेची, 9 प्रश्न, 30 गुण) दोन्ही पायांसाठी वेगळी भरून घ्या. 3 गुणांहून कमी सुधारणा धरू नका. त्याचं बिचकणं तिथेच दिसेल. सुरुवातीची प्रश्नावली नसेल तर आजचीच पायाभूत धरा.

माती_मॅट: डाव्या पायाला कसोटी मानू नका. या त्रासात दुसऱ्या पायाचा तोलही बऱ्याचदा कमी झालेला असतो, त्यामुळे दोन्ही सारखे आले तरी दोन्ही कच्चे असू शकतात. अँटिरियर ड्रॉवरचा (पाऊल पुढे ओढून घोट्याचे अस्थिबंध तपासतात, त्यात दिसणारा) सैलपणाही व्यायामाने जाणार नाही, त्यावरून उपचाराला नापास करू नका. हॉप चाचणी टेप काढून घ्या. तो मातीवर अनवाणी खेळत असेल तर अनवाणीच, मॅटवर खेळत असेल तर बूट घालून. सरावाच्या सुरुवातीला एकदा आणि दमल्यावर पुन्हा. बहुतेक वेळा फरक दुसऱ्या खेपेला उघडा पडतो.

कबड्डी_फिजिओ: गुडघा-भिंत घेतली: उजवा 6 सेंमी, डावा 10. टाच उचलली जात होती, ती पट्टीनेच सापडली.

घोटा_आणि_गुडघा: मग फसला म्हणू नका, घोट्याची हालचालच वगळली गेली होती. पट्टा लावून, वजन टाकून टॅलस (घोट्यातलं हाड) मागे सरकवणारं मोबिलायझेशन (हाताने सांधा मोकळा करणं) आणि पोटरीचा ताण 2 आठवडे द्या. त्यानंतर आधी भिंत, मग वाय बॅलन्स, याच क्रमाने मोजा. तोवर चढाईचा सराव सरळ रेषेतच ठेवा.